आत्याचं ‘नाय’

जगातल्या यच्चयावत प्रेमाच्या सिनेमांत आपली एक हक्काची जागा आहे आणि ती कुणीतरी दाबून बसलं आहे, याबद्दल माझ्या आत्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. खर्डीच्या पलीकडे राहणारी, भातशेतीत कंबर मोडून घेणारी ही बाई टीव्हीवरचा एकही गमतीदार प्रेमपट सोडत नाही, आणि एकही आम्हाला सुखानं बघू देत नाही. नायक-नायिका एकमेकांकडे बघून लाजायला लागले की ही पडद्याच्या कोपऱ्यात बघते. “ती बघ, पाणी आणून देते ती आपल्यातली. तिचं लगीन कधी लावणार?” नायिका विहिरीवरून हंडा घेऊन निघाली की ही म्हणणार, “रिकामा हाय गो! मानेवरनं कळतं.” एकदा एका गोऱ्या नटीला काळी रंगवून गावची पोर केली होती. आत्या दोन दिवस धुसफुसत होती. “मंग आमी काळ्या काय मेलो होतो?”

तिची स्वतःची प्रेमकथाही तशी एका शब्दाचीच. बुटक्या, काळ्यासावळ्या आतोबांनी कुणाच्याशा हळदीत तिला गाठून विचारलं होतं, “माझ्याशी लगीन करशील काय?” ही म्हणाली, “नाय.” आतोबा तडक घरी गेले आणि लग्न ठरलं म्हणून सांगून मोकळे झाले. ते ‘नाय’ लांबवलेलं होतं आणि त्याच्या शेवटी हसू होतं, एवढं त्यांना पुरलं. हे आतोबा कुठलाही सिनेमा लागला की पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात.

तर मुरबाडकडच्या एका गावात खरोखरच प्रेमाच्या सिनेमाचं शूटिंग आलं, आणि नायिकेच्या मावशीच्या एका वाक्यासाठी आत्याची निवड झाली. वाशिंदपर्यंतच्या नातेवाइकांना निरोप गेले. मी सोबतीला गेलो. तिच्या हातात कागद आला: ‘आमची पोरगी न्हाई द्यायाची!’

“हे कुठलं?” आत्यानं विचारलं.

“गावाकडची भाषा आहे, मावशी,” दिग्दर्शक म्हणाला.

“कुठल्या गावाकडची?”

त्यानं कॅमेरामनला खूण केली. कॅमेरा सुरू झाला आणि आत्या ठणकावून म्हणाली, “आमची पोरगी नाय द्याची!” पुन्हा घेतलं, पुन्हा ‘नाय’. सहाव्या वेळी दिग्दर्शकानं हातातली फाईल आपटली. ऊन डोंगराआड चाललं होतं. “शेवटचा टेक. नाहीतर त्या दुसऱ्या बाईंना उभं करा.” दुसरी बाई पदर खोचून तयारच होती. गावात आता तोंड कसं दाखवायचं? मी पुढे होऊन आत्याच्या कानात म्हणालो, “एकदाच म्हण ना न्हाई. काय बिघडतं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “तू पण?” एवढंच म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे वळली.

“आमची पोरगी नाय द्याची!”

दिग्दर्शकानं उन्हाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि हताशपणे म्हणाला, “ओके.”

सिनेमा लागला तेव्हा आम्ही जीप भरून कल्याणला गेलो. आत्या नवी साडी नेसून मधल्या खुर्चीत ताठ बसली होती. अखेर तिचा चेहरा पडदाभर आला. ओठ हलले ते ‘नाय’साठी, आणि आवाज आला कुणा परक्या बाईचा: “आमची पोरगी न्हाई द्यायाची!” आमच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. कुणाला काही कळलंच नाही. मला कळलं आणि शरम वाटली, कारण तो परका आवाज सगळ्यात आधी मीच तिच्या कानात घातला होता.

आत्या हलली नाही. आश्चर्य म्हणजे आतोबा जागे होते. ते वाकून हळूच म्हणाले, “घरी जायचं काय गो?”

“नाय,” आत्या म्हणाली.

ते लांबवलेलं होतं, पण त्याच्या शेवटी हसू नव्हतं. आतोबांनी अंधारात तिचा हात हातात घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत एकदाही घोरले नाहीत.