अख्ख्या गावाची एकच सही

दोस्तांनो, सकाळपासून लिहायचं टाळायलोय. मधेच चहाला गेलो अन् तिथं कॅरम खेळत बसलो.

आमच्या गावाहून सोनपेठला जाणारी एसटी बंद झालीय. ती सुरू करा म्हणून मी ऑनलाइन अर्ज टाकला, सह्यांसाठी घरोघर फिरलो. पण सहीसाठी मोबाइलवर येणारा ओटीपी सांगायला कुणीच तयार न्हाई.

"खातं खाली करतोस काय रे?" शेजारच्या गयाकाकू म्हणाल्या.

मग सगळ्यांची नावं मी माझ्याच नंबरवरून भरली. आज बघितलं तर साइटनं सगळ्यांची मिळून एकच सही धरलीय, अन् मुदतही संपली.

काकूंची शेवंता त्याच एसटीनं कॉलेजला जायची. आता तिला काय सांगू, तुमीच सांगा.

थांबा, काकूंच्या दारात जीप आली. शेवंताला बघायला पाहुणे आलेत.