मेश्रामकाका आणि दोनशे दोन

मेश्रामकाका दुकानात रसाची बाटली उचलत ती उलटी करूनच. पुढचं सफरचंदाचं चित्र त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. चष्मा कपाळावर चढवून, नाक लेबलाला टेकवून वाचत. "पुढच्या बाजूला कंपनी बोलते, मेधा. खरं काय ते मागे, बारीक अक्षरात."

परदेशात नोकरीला आल्यावर सेम्बावांगला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती. काका नागपूरचे, शिपयार्डमध्ये जहाजांच्या रंगकामाचे इंजिनिअर. पंचशील कसोशीने पाळणारा माणूस, दारूच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. आणि हाच माणूस घरात सायडर, म्हणजे चक्क सफरचंदाची दारू करायला बसला! काकू आठवडाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत.

कारण होते शेजारचे अंकल टॅन. शिपयार्डातले जुने वेल्डर. काका इथे नवखे असताना त्यांना हाताला धरून काम शिकवलं ते अंकलनी. आता त्यांना घशाचा कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तरुणपणी त्यांच्या गोऱ्या साहेबाने घरी केलेली सायडर पाजली होती, ती त्यांना एकदा प्यायची होती. विकतची फार गोड म्हणून त्यांनी बाजूला सारली. साहेब दुकानातल्या डबाबंद रसाचीच करायचा, एवढं त्यांना आठवत होतं. "करतो," काका म्हणाले. आणि काकांचं 'करतो' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पहिला रस मी आणला. मागचं लेबल वाचून, बरं का! काकांनी त्यात यीस्ट घातलं, बुचातून नळी काढून पाण्यात सोडली, उकाडा लागू नये म्हणून बाटली बाथरूममध्ये पाण्याच्या टबात ठेवली. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. एक बुडबुडा येईल तर शपथ! शेवटी काकांनी माझं लेबल वाचायला घेतलं.

"हे काय? दोनशे दोन. हा प्रिझर्व्हेटिव्हचा नंबर आहे. यात यीस्ट वाढणार कसं? तू वाचलंस तरी काय?"

मी वाचलं होतं अंडं आणि जिलेटिन. पुणं सोडल्यापासून शाकाहाराच्या धास्तीने मी लेबलावर तेवढंच शोधायचे. ते दोन्ही नाही म्हटल्यावर बाईसाहेब खूश!

"म्हणजे सायडर झाली नाही, पण शाकाहारी आहे," काका हसून म्हणाले. मला मात्र रडूच फुटलं. अंकलकडे दिवस किती उरले होते, आणि त्यातले पाच माझ्या बावळटपणात गेले होते.

मग आम्ही दोघांनी बिशानपासून चोआ चू कांगपर्यंत दुकानं पालथी घातली. कुठे दोनशे दोन, कुठे दोनशे अकरा, कुठे रस कमी आणि साखरपाणीच जास्त. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात सापडला: सफरचंदाचा रस, व्हिटॅमिन सी, बास. "व्हिटॅमिन सी चालतं," काका म्हणाले आणि सहाच्या सहा बाटल्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतून बुडबुडे येत होते. ऑफिसची वेळ टळत आली तरी काका स्टुलावर बसून ते बघत होते.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये अंकलची मुलगी भेटली. म्हणाली, "डॅडला आता कसलीच चव कळत नाही. गोड नाही, आंबट नाही."

मी तशीच काकांकडे गेले. "काका, कशाला जिवाचा एवढा आटापिटा? विकतची पाजू. त्यांना काय कळणार आहे?"

काका माझ्यावर चिडले ते तेवढं एकदाच. "मला कळेल ना! घरची देतो म्हणालो होतो मी."

तीन आठवड्यांनी त्यांनी ती चिमूटभर साखर घालून प्लास्टिकच्या बाटलीत भरली, आणि आत फेस धरतोय का ते रोज बाटली दाबून बघत राहिले. ती दगडासारखी घट्ट झाल्यावर मला म्हणाले, "चाख. मी चाखणार नाही, तू खरं सांग." आंबटसर होती, गोडवा नावाला नाही. मी तसं सांगितलं.

अंकल त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पण सायडर नेली त्या रविवारी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. मुलीने चमच्याने पाजलं. अंकलनी डोळे मिटून घेतले. काका बाटलीचं झाकण मुठीत आवळून उभे होते.

एकदम अंकलचे डोळे उघडले. "वाह! इट बाइट्स, लाह!"

चावते म्हणाले! चव गेलेल्या जिभेला तो फेस मात्र झोंबला होता. अंकलनी मुलीच्या हातातला चमचा बाजूला सारला आणि ग्लास मागितला.