टँगो थ्रीचा प्रोफेसर

या वेळचं पोस्टिंग आयर्लंडमधलं लिमरिक. हुकूम मुलीचा. मृणाल इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिची आई गेल्यावर मला पुण्यात एकटं ठेवायला तिने साफ नकार दिला. लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस मुलीपुढे काय बोलणार? सामान बांधलं.

रुटीन लगेच बसलं. ०५३० उठणे, ०६०० चहा. दर गुरुवारी १४०० वाजता मृणाल मला कम्युनिटी हॉलवर सोडायची. तिथे आमच्या वयाच्या लोकांची क्विझ चाले. विषय ठरलेला: जुनी अमेरिकन गाणी आणि करमणूक. अमुक गाणं आधी कोणी म्हटलं, रेडिओ मालिकेतल्या बटलरचा आवाज कोणाचा, असले प्रश्न. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

क्विझ घेणारा डोनल हा निवृत्त आयरिश सार्जंट. पहिल्याच दिवशी त्याने माझी नोकरी विचारली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतलं आमचं मिशन आणि चौकीचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगितला, तसा तो ताडकन उठला.

"टँगो थ्री? रेडिओवरचा प्रोफेसर तूच की काय?"

मी म्हणालो, "हो."

तो मी नव्हतो. प्रोफेसर म्हणजे माझ्या हाताखालचा नाईक, विलास पगारे. त्याचे वडील देवळालीला ऑफिसर्स मेसमध्ये वेटर. मेसने टाकून दिलेल्या इंग्रजी रेकॉर्डी घरी यायच्या, त्या ऐकत हा वाढला. आयरिश चौकी आमच्यापासून चार किलोमीटरवर. रोज १७३० ला रेडिओ चेक झाला की तिथला ऑपरेटर असाच एखादा प्रश्न टाकायचा, आणि पगारे तो संपायच्या आत उत्तर द्यायचा. सगळा सेक्टर कान लावून बसे. रेडिओवर नावं घ्यायची नसतात, म्हणून तिकडच्यांनी त्याला प्रोफेसर करून टाकलं.

मी त्याचा सीनियर. रेडिओ सेट माझ्या ताब्यात, बॅटऱ्या मी चार्ज करायच्या आणि कौतुक याचं. एकदा मीच घाईने उत्तर ठोकलं. चुकलं. चार चौक्या हसल्या. तेव्हापासून पगारे माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. त्याच्या साखरपुड्याच्या रजेचा अर्ज मी चार दिवस उगाच दाबून ठेवला होता. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर हॉलमध्ये मी प्रोफेसर झालो. डोनल स्वतः माझा चहा आणायचा. उत्तर आलं नाही की वयावर ढकलायचं. घरी पहाटे उठून मी टॅबलेटवर जुनी गाणी घोकत बसे.

"बाबा, सगळं ग्रँड ना?" मृणाल विचारायची. इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक.

ग्रँडच होतं. इतक्या वर्षांनी का होईना, ती खुर्ची मला मिळाली होती.

चौथ्या गुरुवारी १४१० वाजता डोनलने प्रश्नांचे कागद खाली ठेवले.

"आज आधी एक गोष्ट सांगतो," तो सगळ्यांना म्हणाला. "आमच्या चौकीवर तोफांचं शेलिंग झालं त्या दुपारी मी ढिगाऱ्याखाली होतो. पाय अडकलेला, रक्त जात होतं. हाताशी फक्त सेट. या माणसाने मला झोपू दिलं नाही. एकामागून एक प्रश्न विचारत राहिला. मग याचा आवाज बंद झाला. मला वाटलं, गेला." त्याने माझा हात धरला. "तू वाचलास कसा?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

ती दुपार मला मिनिटामिनिटाने पाठ आहे. १५२० ला आमच्याकडेही पहिला शेल पडला. १५२५ ला हुकूम आला, सगळे बंकरमध्ये. मी ओरडलो, "पगारे, सेट सोड!"

"उस्ताद, तिकडचा माणूस झोपतोय. तुम्ही व्हा पुढे."

मी पुढे झालो. बंकरच्या दारात मनात आलं ते लिहितो: इथेही भाव हाच खाणार. १६१५ ला सेटच्या खोलीवर शेल पडला.

मी हात सोडवून घेतला.

"तो मी नव्हे. मी बंकरमध्ये होतो. प्रोफेसर सेटवर होता. तो वाचला नाही."

डोनलने विचारलं, "मग खोटं का बोललास?"

"मला त्याचा हेवा वाटायचा."

"आणि आता?"

"आताही."

त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, हाकलून देणार. त्याने प्रश्नांचा एक कागद उलटा केला आणि पेन काढलं.

"नाव सांग. मला त्याचं नाव कधी कळलंच नाही."

"नाईक विलास पगारे. सिग्नल्स. वय सव्वीस. राहणार देवळाली."

त्याने लिहून मोठ्याने वाचलं. उच्चार चुकला. मी दुरुस्त केला. त्याने पुन्हा वाचलं, तेव्हा काठ्या सावरत, खुर्च्यांना धरत सगळा हॉल उभा राहिला. माझ्यासाठी असं कोणी कधी उभं राहणार नाही. ते टोचलं, आणि रडूही आलं. डोनलने तिसऱ्यांदा नाव वाचेपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो.