गोटूची पायरी

अन्वी, ईशान,

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, हवं तर बाबांना विचारा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी त्याला उभं करून कारण विचारायची. आता तुम्ही मला कारण विचाराल, म्हणून जसं घडलं तसंच लिहिते.

आपलं घर वालूरच्या कडेला. मागच्या शेताला लागून बारव आहे – पायऱ्या उतरून जायची जुनी, दगडी विहीर. उन्हाळ्यात ती कोरडी पडते, पण आत छान गारवा असतो, म्हणून दुपारी मी पुस्तक घेऊन तिच्या पायऱ्यांवर बसते. गोटू, माझा गावठी कुत्रा, दिवसभर माझ्या मागे मागे असायचा... पण बारवेत नाही. वरच्या पायरीवर थांबून थरथरायचा, रडायचा.

त्याची भीती घालवायची, असं मी ठरवलं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. एक पायरी खाली भाकरीचा तुकडा ठेवायचा, ‘कम’ म्हणायचं आणि गप्प बसून वाट बघायची. उतरला की शाबासकी. दुसऱ्या दिवशी तुकडा आणखी एक पायरी खाली.

शेजारची शेवंता शेतात जाताना वरून हसायची. “बाई, कुत्र्याला बी इंग्लिश मीडियम का?”

एकदा मात्र हसली नाही. “त्याला न्हाई यायचं तर कामून मागं लागलाव? त्याला काय तरी दिसायलंय.”

“माझ्यावर भरवसा ठेवायला शिकवतेय त्याला,” मी म्हटलं.

आणि तो शिकला. एका दुपारी पोट दगडाला घासत, थरथरत, थेट माझ्यापर्यंत आला. मांडीवर डोकं ठेवलं. मला इतका आनंद झाला... मग त्याचं थरथरणं एकदम थांबलं. तो उठला, मला ओलांडून खालच्या वळणाकडे गेला आणि दिसेनासा झाला. “गोटू, कम!” खालून माझाच आवाज परत आला.

शेवंताचा नवरा बॅटरी घेऊन तळापर्यंत जाऊन आला. सुकलेल्या गाळावर धूळ होती, तिच्यावर एकही ठसा नव्हता. आणि तिथून बाहेर पडायला दुसरी वाट नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटू वळणावर बसलेला होता. अंग स्वच्छ, भुकेजलेलाही नाही. कितीही हाका मारल्या तरी वर येईना. त्याच्या पुढ्यात, माझ्या बाजूच्या पायरीवर, भाकरीचा तुकडा होता.

मी शेवंताला बोलावलं. तिने वाकून तुकड्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“बाई... ऊन हाय की ही. कुणी थापली?”

उत्तराची वाट न बघता ती वर पळाली. आता शेतात लांबच्या बांधावरून जाते.

गोटू रोज तुकड्यामागे बसलेला असतो. भुंकत नाही, ओढत नाही. तुकडा रोज एक पायरी खाली असतो, आणि तो माझ्याकडे बघत बसतो – मी त्याच्याकडे बघत बसायची, तसा.

तुम्ही म्हणाल, आजी, तिकडे जाऊच नकोस. मीही रोज सकाळी हेच ठरवते. मागच्या दाराला कुलूप लावते. पण दुपारी भानावर येते तेव्हा बारवेत असते, चपला वर राहिलेल्या. काल मागे वळून पाहिलं, तर माझी बसायची जागा कितीतरी वर दिसली. गोटूने शेपूट हलवली. शाबासकी दिल्यासारखी.

कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

माझं तुमच्याकडे यायचं तिकीट बाबांनी पावसाळ्यातलं काढलंय. त्यांना सांगा, लवकरचं काढा. उन्हाळा अजून बराच बाकी आहे, आणि खाली आता फार पायऱ्या उरलेल्या नाहीत.

– आजी