केतकीच्या लिलावाले मी भिलाईले गेली

तर नाही, हवापालट करायले नव्हती गेली मी. भिलाईले कोणी हवा बदलायले जाते काय? अन् प्लांट पाहायलेबी नाही. भट्टी काय पाहाची, घरी गॅस आहे. देवदर्शन म्हणाल तर डोंगरगडची टेकडी गाडीच्या खिडकीतून दिसली, बसल्या जागी हात जोडले, झालं. मी गेली लिलाव पाहायले. ढोरांचा नाही, पोरींचा. असे डोळे मोठे करू नका, आजकाल खेळात असंच असते अन् पोरी स्वतःहून फॉर्म भरतेत.

माही लहान बहीण मंगला भिलाईले सेक्टर 2 मध्ये प्लांटच्या क्वार्टरात राहते. तिची पोरगी केतकी, एकोणीस वर्षांची, खो-खो खेळते. सेक्टरच्या मैदानावर जी टीम आहे तिची कॅप्टन आहे. यंदा तिथं पोरींची लीग काढली. सहा टीम, सहा मालक, प्रत्येकाजवळ एक लाख रुपये, अन् बोली लावून पोरी घ्याच्या. केतकीचे वडील सुधाकरराव यांनी घरात सांगून ठेवलं होतं, एखाद्या टीमनं घेतलं तर खेळ, कोणी नाही घेतलं तर बूट माळ्यावर अन् बँकेच्या परीक्षेची कोचिंग. पोरीनं हाव म्हटलं होतं. म्हणून मी निघाली. मंगला फोनवर म्हणे, "ताई, तू ये, तू असली का घरात आवाज कमी राहते." हे कौतुक होतं का टोमणा, मी नाही इचारलं.

गोंदियाहून सकाळची एक्सप्रेस घेतली. जनरलचं तिकीट शंभराच्या आत येते. जागा आमगावपर्यंत भेटत नाही, पुढं भेटते. सालेकशानंतर जंगल लागते, ते पाहाचं असन तर खिडकीजवळ बसा, मोबाइल पाहाचा असन तर दुसऱ्याले बसू द्या. सेक्टर 2 ले जाणाऱ्यानं लोकल भेटली तर पॉवर हाऊस स्टेशनले उतरावं, जवळ पडते. एक्सप्रेस मले दुर्गलेच टाकून पुढं गेली. ऑटोवाला म्हणे, "दो सौ." मी म्हटलं, "भैया, ऑटो खरीदना नहीं है, बैठना है." मंग शेअर ऑटोत चाळीस रुपयांत आली, एका बाईच्या भाजीच्या थैलीवर पाय ठेवून.

रस्त्यानं दर खांबाले लीगचं पोस्टर. सहाही मालकांचे फोटो, हाताची घडी घातलेले. खेळणारी पोरगी एकबी नाही. ऑटोत दोघं कॉलेजचे होते, त्यातला एक म्हणे, "खो-खो में भी पैसा आ गया क्या?" दुसरा म्हणे, "पैसा नहीं आया, अभी पोस्टर आया है." मले तो पोरगा हुशार वाटला.

मंगलानं फरे केले होते. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वरून तिळाची फोडणी. छत्तीसगडात आले अन् फरा नाही खाल्ला तर येऊन उपयोग नाही. हॉटेलात शोधू नका, कोणाच्या तरी घरी जा.

जेवण झाल्यावर सुधाकररावांनी फाइल काढली. हा माणूस प्लांटमध्ये ठेक्याच्या सेक्शनात क्लार्क आहे, सव्वीस वर्षं टेंडर उघडून राहिला. त्यानं मले केतकीच्या फॉर्मची झेरॉक्स दाखवली. फॉर्मवर एक रकाना होता, बेस प्राइसचा. म्हणजे बोली कुठून सुरू कराची. पाच हजार, दहा हजार, पंधरा हजार, यातलं एक निवडाचं. केतकीचं पाच.

आता हे इथंच सांगून टाकते. फॉर्म भराच्या दिवशी त्यानं मले फोन केला होता. "ताई, घरात खेळलेल्या तुमीच. किती टाकू? माह्या हिशोबानं कमी टाकावं. आमच्याकडे ज्याचा रेट सगळ्यात कमी, एल वन, त्यालेच काम भेटते." मी आठवी शिकली, जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळली, मंग लग्न झालं. लिलावातलं मले काय समजते? पण कोणी इचारलं अन् मी माहीत नाही म्हटलं, असं झालं नाही आजवर. मी म्हटलं, "कमीच टाका. पोरगी मोठेपणा करून राहिली असं दिसू नाही." त्यानं टाकलं. केतकीले वाटलं बाबानं टाकलं.

दुसऱ्या दिवशी जी.ई. रोडवरच्या एका हॉटेलात लिलाव. साडेनऊले बोलावलं, मालक अकराले आले. तोवर पोरींसाठी लीडरशिपचा क्लास ठेवला होता. कोट घातलेला एक गृहस्थ आला, त्याच्या कानापासून गालावर माइक. तो म्हणे, आज खेळाडू हा खेळाडू नाही, ब्रँड आहे. म्हणे, प्रत्येकीनं स्वतःले इचारा, माही स्टोरी काय आहे? म्हणे, कम्फर्ट झोनमधून बाहेर या. खो-खोत जी पोरगी पाटीवर बसते तिचे गुडघे दुमडलेले, टाचा उचललेल्या, मागून कधी खो येईन त्याचा भरवसा नाही, अन् हा तिले कम्फर्ट सोडायले सांगून राहिला. मी बाजूच्या बाईले इचारलं, "हा काय खेळायचा?" ती म्हणे, "इन्शुरन्स में था."

शेवटी तो म्हणे, काही प्रश्न? केतकी उभी राहिली. "सर, चेंजिंग रूम किधर है?" ऐंशी पोरी हसल्या. तो म्हणे, गुड क्वेश्चन, अन् टाळ्या वाजवून उतरला. चेंजिंग रूम नव्हती. पोरी जिन्याखाली ओढणी धरून कपडे बदलत होत्या.

मंग लिलाव. पडद्यावर एकेकीचा फोटो, उंची, बेस प्राइस अन् फॉलोअर्स किती. डाइव्ह किती मारते, किती मिनिटं पळते, तो रकाना नाही. मालकांसाठी सोफे अन् काजू, पोरींसाठी खुर्च्या अन् पाण्याची बाटली, दोघींत एक. मालकांत एक बिल्डर, एक कोचिंग क्लासवाला, एक सळाखीचा व्यापारी, बाकी मले आठवत नाही, सगळ्यांनी टोप्या सारख्याच घातल्या होत्या.

केतकीच्या टीममधली श्रेया आली. तिले पहिली डाइव्ह केतकीनंच शिकवली, मैदानात गाद्या टाकून. तिच्या वडलांनी पंधरा लिहिलं होतं. कोचिंगवाला म्हणे, "पंद्रह रखा है मतलब कुछ होगी." सोळा, अठरा, वीस करत बावीसले गेली. पोरगी रडायले लागली, केतकीनं तिची पाठ थोपटली.

दोन नावांनंतर केतकी. "कैटेगरी सी, बेस प्राइस पाँच हजार." माइकवाल्यानं तीनदा इचारलं. बिल्डर बाजूच्याले म्हणे, "पाँच? चोट-वोट लगी है क्या?" कोणीच हात नाही उचलला. पडद्यावर लाल अक्षरात 'अनसोल्ड' आलं अन् लगेच पुढच्या पोरीचा फोटो. सुधाकरराव फाइल उघडून बसले होते. हळूच मले म्हणे, "ताई, एल वन तर आपणच होतो." त्यांचा चेहरा असा होता का मले त्यांच्यावर चिडता नाही आलं. चिडायची जागा दुसरी होती अन् ती मले माहीत होती.

दुपारी मालकांले पनीरवालं जेवण, पोरींले पुरीभाजीचे डबे. पुरी गार, भाजी चांगली. केतकीनं डबा उघडला नाही. मी म्हटलं, "खाऊन घे." ती म्हणे, "मावशी, कोचिंग सोमवार से है. तब खाऊंगी."

जेवणानंतर उरलेल्या पोरींची फेरी. नियम असा का प्रत्येक टीमनं बारा पुऱ्या कराच्या. सळाखीवाल्याजवळ अकरा झाल्या होत्या अन् हातात राहिले साडेपाच हजार, बाकी सगळे त्यानं सकाळीच जोशात उडवले. तो माइकवाल्याले म्हणे, "पाँच वाली में क्या बचा है?" दुकानात दहा एमएमची सळाख मागावी तसं. माइकवाल्यानं तीन नावं वाचली. तो म्हणे, "जो सबसे लंबी है, वही लगा दो." केतकी सगळ्यात उंच. हातोडी वाजली. झाली विक्री.

सुधाकरराव उठून उभे. टाळ्या. "मी म्हटलं नव्हतं? रेट कमी होता म्हणूनच बसली." अन् वाईट हे का हिशोबानं माणूस बरोबर होता. दहा लिहिलं असतं तर सळाखीवाल्यानं घेतली नसती. पंधरा लिहिलं असतं तर सकाळीच गेली असती का नसती, हे कोणाले ठाऊक. बूट माळ्यावर नाही गेले, एवढं खरं. लगेच सळाखीवाल्यानं आपली कॅप्टन जाहीर केली. तिचे फॉलोअर्स सगळ्यात जास्त. बाराव्या नंबरवालीनं पाणी द्याचं असते, असं मागून कोणीतरी म्हणालं. कोण ते नाही दिसलं, नाही तर दोन शब्द बोलली असती.

परत येताना ऑटोत चौघं. मंगला पेढ्याचा डबा मांडीवर घेऊन. केतकी बाहेर पाहत होती. सुपेल्याजवळ सिग्नल लागला तेव्हा म्हणे, "बाबा, पाँच किसने सोचा?"

"मीच लिहिलं बाबू."

"लिहिलं तुमीच, अक्षर दिसते. सोचा किसने?"

सुधाकररावांनी माह्याकडे पाह्यलं. एवढुसंच. मंग सिग्नलकडे पाह्यलं अन् म्हणे, "मीच. मले ऑफिसची सवय आहे ना."

मी ऑटोबाहेर प्लांटची चिमणी पाहत राहिली. संध्याकाळी छान दिसते, लोक फोटो काढतेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाले मैदानावर गेली. भिलाईत पाहायसारखं इचाराल तर मी हेच सांगीन, सेक्टरातली मैदानं, सकाळची. तिकीट नाही, पोस्टर नाही, झाडं मोठी. केतकी बारक्या पोरींले खांबाजवळून वळायले शिकवून राहिली होती. बावीस हजारवाली श्रेया पाटीवर बसली होती अन् केतकी तिले म्हणे, "टाच उचल, महाराणी. बिक गई तो क्या, घुटने वही हैं." श्रेयानं टाच उचलली. कोणी ब्रँड म्हणालं नाही, कोणी स्टोरी सांगितली नाही. सगळ्या पोरी ऐकत होत्या.

मंग केतकी माह्याजवळ येऊन बसली, घाम पुसत. म्हणे, "जाईन मी कॅम्पले. बाराव्या नंबरची का असेना. पण पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरीन, कोणाले हात लावू देणार नाही."

मी म्हटलं, "भर."

ती म्हणे, "बाबांनी तुमाले इचाराले पाह्यजे होतं मावशी. तुमी खेळल्या. तुमी पंधराच सांगतलं असतं."

बोलायची वेळ तीच होती. मैदानात दुसरं कोणी जवळ नव्हतं. मी घड्याळ पाह्यलं अन् म्हटलं, "चल, माही गाडी सुटन."

गाडीले दोन तास होते. पॉवर हाऊस स्टेशनले बाकावर बसून राहिली. तिथं पोहा चांगला भेटते, वीस रुपये प्लेट, शेव मागून घ्या.

आता घरी आहे. इथं सगळे इचारतेत, कशी झाली ट्रिप. खर्च म्हणाल तर जाणं-येणं, ऑटो अन् पोहा मिळून पाचशेच्या आत, राहणं बहिणीकडे. लीग पाहायले जाचं असन तर जा, पोरी चांगल्या खेळतेत, बसायले चटई घरून न्या. माह्याजवळ काय राह्यलं म्हणाल तर ऑटोत त्या माणसानं माह्याकडे पाह्यलं अन् तोंड फिरवलं, तेवढं राह्यलं. सव्वीस वर्षं टेंडर उघडणाऱ्या माणसाले मी आजवर क्लार्कच समजत होती.

केतकी, मंगला माह्या सगळ्या पोस्ट तुले पाठवते, हे मले माहीत आहे. फॉर्मच्या फोनचं वर लिहिलं आहे, फरे संपले त्याच्या खाली. वाचलं असशीन. फोन करू नको, मी उचलणार नाही. तुह्या बाबाले चांगला चहा करून दे. याच्यावर मी कोणाशीच अजून एक शब्द बोलणार नाही.