छावणी एक, पाट्या तीन

"हा माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याचा मेंदू त्याला खोटं सांगतोय," निखिल म्हणाला. "मला दुसरं वाटतंय."

निखिल आमच्या वॉर्डचा रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर. मूळचा कोथरूडचा. वॉर्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायचं असलं की मराठीत भांडायचो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बऱ्याच जणांना वाटतं, ही बाई नोकऱ्या लावून देते. माझं काम एवढंच की आजारातून उठलेला माणूस घरी जाऊन स्वतःचं स्वतः करू शकेल का, ते बघायचं.

हॉस्पिटल ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या वाटेवर कुठेतरी, एवढंच सांगते. कोविडचं दुसरं वर्ष होतं आणि व्हिजिटर्स बंद होते.

पेशंटचं नाव वासिल म्हणू या. सत्तरी ओलांडलेले, युक्रेनच्या सैन्यातून रिटायर होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियात आलेले. कोविडमध्ये आयसीयूत असताना त्यांना भ्रम झाला होता. आयसीयूत तसं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. वासिल यांचं पूर्ण ओसरलंय का, हा प्रश्न होता. ओसरलं असेल तर घरी, बायकोकडे. नसेल तर नर्सिंग होम. आणि त्या काळात नर्सिंग होम म्हणजे बायकोने खिडकीच्या काचेबाहेरून हात हलवायचा.

स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये मार्क काठावरचे होते. त्यात ही सैन्याची भानगड. सोशल वर्करला त्यांनी सांगितलं, मी सोव्हिएत डिव्हिजनमध्ये होतो. फिजिओला सांगितलं, युक्रेनच्या डिव्हिजनमध्ये, आणि नंबर वेगळाच. नर्सला सांगितलं, ब्रिगेडमध्ये. वर तिघांनाही ठणकावून सांगितलं की अख्ख्या नोकरीत माझी बदली कधी झालीच नाही.

"याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात," निखिल म्हणाला. म्हणजे आठवणीत भोक पडलं की मेंदू मनानेच काहीतरी रचून ते बुजवतो. माणूस मुद्दाम खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. "अशा माणसाला घरी गॅसपाशी उभा करणारेस तू?"

"उद्या किचनमध्ये बघते, मग बोलू."

"बघ. पण गुरुवारच्या मीटिंगला मी नर्सिंग होमच म्हणणार आहे."

मला राग आला, पण त्याचं चूक आहे असंही म्हणता येईना.

आमच्या वॉर्डात एक छोटं किचन आहे. पेशंटला तिथे नेऊन चहा करायला सांगतात. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण चहा करताना माणूस क्रम विसरतो का, गॅस बंद करतो का, सगळं कळतं. वासिल यांनी तो उत्तम केला. दूध मात्र घालू दिलं नाही. दुभाषी फोनवर होती, फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर उभा केलेला. रोज वेगळी दुभाषी, त्यामुळे त्यांची तिन्ही उत्तरं एकाच माणसाने कधी ऐकलीच नव्हती.

मी सरळ विचारलं, "तीन जणांना तीन उत्तरं दिलीत. खरं कुठलं?"

"तिन्ही." ते चिडले. "मी लेफ्टनंट म्हणून गेलो तेव्हा ती सोव्हिएत डिव्हिजन होती. माझे वडील महायुद्धात तिच्यातच पायदळात होते. मग सोव्हिएत युनियन संपलं. डिव्हिजन युक्रेनची झाली, नंबर बदलला. पुढे सैन्य कमी केलं, तिची लहानशी ब्रिगेड झाली. छावणी तीच, मैदान तेच, माझी खोलीही तीच. फाटकावरची पाटी तेवढी बदलत गेली."

मी हातातला कप खाली ठेवला. माझे आजोबा लातूरकडचे. जन्मले निजामाच्या राज्यात, नोकरी लागली ती मुंबई राज्यात, रिटायर झाले महाराष्ट्रात. आयुष्यात घर एकदाही बदललं नाही. त्यांना कुणी आयसीयूनंतर विचारलं असतं, आजोबा, तुम्ही कुठल्या राज्यातले, तर तेही नापास झाले असते.

"पाटी बदलली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न टेस्टमधला नव्हता.

त्यांनी आधी आपला कप विसळून पालथा घातला. दुभाषीने विचारलं, लाइन चालू आहे ना?

"आम्हाला मैदानात उभं केलं," ते म्हणाले. "ज्यांना युक्रेनची शपथ घ्यायची त्यांनी थांबा, बाकीच्यांनी सामान बांधा. माझा शेजारी रशियाला गेला. आमची मुलं एकत्र वाढली होती. मी एक शपथ आधीच घेतलेली होती, आता दुसरी. त्या दिवशी मी गोंधळलो होतो, मॅडम. आज नाही."

मला एकदम भरून आलं. फेस शील्डच्या आत डोळेही पुसता येत नाहीत.

पण नुसतं भरून येऊन रिपोर्ट होत नाही. मी त्यांच्या मुलीला, ओक्सानाला फोन केला. ती जवळच पोर्ट केंब्लाला स्टीलच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला होती. तिने एकेक नाव, एकेक नंबर त्याच क्रमाने सांगितला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लोकांनी मला घराच्या पायऱ्या विचारल्या, टॉयलेट विचारलं, गोळ्या विचारल्या. हे कुणी विचारलंच नाही."

एरवी ती रोज वॉर्डात आली असती आणि कॉरिडॉरमध्ये येता जाता हे सहज बोलून गेली असती. कॉरिडॉरच बंद होता.

मी निखिलला सांगितलं. "च्यायला," तो म्हणाला. "मी आख्खी फाइल वाचली गं. त्यांच्या देशाचं काय झालं ते डोक्यातच नाही आलं."

गुरुवारी आमच्या कन्सल्टंट, म्हणजे मोठ्या डॉक्टर, मेगन यांनी वासिल यांना मीटिंगमध्ये बोलावलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "आपण आत्ता कुठे आहोत?"

वासिल यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. "देश ऑस्ट्रेलिया. सकाळपर्यंत तरी होता. बदलला असेल तर कळवा."

दुभाषीच आधी हसली. घरी पाठवायला कुणीच हरकत घेतली नाही, निखिलनेही नाही.

तेव्हापासून मी नव्या मुलींना सांगते, पेशंटचा इतिहास जुळत नसला तर आधी इतिहास बघा, मग पेशंट. हे वाक्य मला बरंच आवडायचं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ओक्सानाचा फोन आला. "बातम्यांत बाबांची ब्रिगेड दाखवतायत. ते टीव्हीसमोरून उठत नाहीत. मधेच रशियाला गेलेल्या त्या शेजाऱ्याचं नाव घेतात, तो आता पलीकडच्या बाजूला असेल म्हणतात. पुन्हा भ्रम तर नाही ना झाला?"

मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. जेवतात का, तुला ओळखतात का, आज वार कुठला ते सांगतात का. सगळ्याला हो.

"मग भ्रम नाही," मी म्हणाले. "त्यांना सगळं नीट कळतंय."

यावर आमच्याकडे कुठलीही थेरपी नाही.