वाल्ट्राउडची टाकी आणि एवाल्डचा गाळ

हेर्न शहरातल्या आमच्या खाणकामगार वसाहतीत माझ्या वरच्या मजल्यावरच्या वाल्ट्राउडइतकं संशयी माणूस दुसरं नव्हतं. खाटिक खिमा तोलायला लागला की ती काट्याकडे बघायची नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायची. गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या खांद्यावरून वाकून स्वतः आकडे वाचायची. श्नाप्स दारूच्या बाटलीवर तिची पेन्सिलीची खूण असे. नवरा, हुबर्ट, बापडा पाणी घालून पातळी राखायचा. तेही तिला ठाऊक होतं.

हुबर्ट गेला आणि तळघरातली त्याची माशांची टाकी एवाल्डने आपल्या घरी नेली. एवाल्ड म्हणजे हुबर्टचा खाणीतल्या पाळीचा जोडीदार, मासे पाळण्याच्या मंडळातही त्याच्या बाजूला बसणारा. बाकीचे मासे गेले त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण डिकर, म्हणजे आपला जाड्या! ठिपक्याठिपक्यांचा आफ्रिकन शिंगाळा, पाण्याबाहेर काढला की गंजल्या बिजागरीसारखा करकरायचा. हुबर्टने तो ऐन तरुणपणी आणलेला. त्याच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

"ठेवायला दिलाय, देऊन टाकला नाही," ती मला जिन्यात गाठून सांगायची.

म्हणून तिने स्वतःची टाकी मांडली, थेट बैठकीच्या खोलीत. कपाटावर पाणसळ ठेवून ठेवून चारही कोपरे एका पातळीत आणले. वाळू बादलीत इतकी धुतली की मला वाटलं, आता ही तिला इस्त्री करणार. झाडाचं मूळ कपडे उकळायच्या पातेल्यात उकळलं, वनस्पती रोवल्या, पाणी भरलं, फिल्टर गुरगुरायला लागला. पाणी कसं, तर काच कुठे संपते ते कळू नये.

"आण आता त्याला," ती एवाल्डला म्हणाली.

एवाल्डने टाकीला नाक लावलं. "नको अजून. पाणी कोरं आहे, ट्राउडे. मुरू दे."

"पाणी काय लोणचं आहे मुरायला?"

"माशाची घाण खाणारे जंतू व्हावे लागतात आत. नाहीतर आपल्याच घाणीने मरेल तो."

पुढल्या आठवड्यात विचारलं, तर नको. त्याच्या पुढल्या आठवड्यातही नको. वाल्ट्राउड रिकाम्या टाकीसमोर बसायची आणि तिचं डोकं त्या फिल्टरसारखं चालू राहायचं. एक दिवस बाजारातून येताना ती एवाल्डच्या तळघराच्या खिडकीशी ओणवी झाली. मी पिशव्या धरून उभी.

"बघ, बघ! हाताने भरवतोय त्याला. आणि बोलतोय. हा कसला देतोय परत!"

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? डिकर त्याच्या बोटांना लुचत होता आणि एवाल्डचा चेहरा नातवंड खेळवणाऱ्या माणसासारखा झाला होता.

त्यानंतर एवाल्ड आला तो मासा न घेता, काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन. आत चॉकलेटी, गढूळ, दलदलीचा वास मारणारं पाणी.

"माझ्या फिल्टरचा स्पंज पिळून आणलाय. ओत टाकीत. पावाच्या पिठाला जुनं आंबवण लागतं ना, तसंच. पंधरवड्याने डिकरला आणतो."

तो गेल्यावर वाल्ट्राउडने बरणी उजेडात धरली. "गाळ! पाणी नासवायचं, मग म्हणायचं, तुझ्याने होत नाही, मासा माझ्याकडेच बरा." आणि तिने बरणी संडासात रिती केली. वर साखळी ओढली.

पंधरवड्याने एवाल्ड खरंच आला, हातात झाकणाची बादली. मी कॉफीला वर गेलेलेच होते.

"ओतलंस ना सगळं?"

"ओतलं," वाल्ट्राउड म्हणाली. तसं ते खोटंही नव्हतं.

एवाल्डने बाही वर केली. डिकरला दोन्ही हातांत धरून उचललं. तो करकरला, कर्र, कर्र. हुबर्ट टाकी धुताना तळघरातून येई तोच आवाज. वाल्ट्राउडचा चेहरा पांढरा पडला. मासा पाण्याला टेकणार, तोच तिने एवाल्डचं मनगट पकडलं.

"थांब! बादलीत टाक त्याला. टाक आधी!"

"काय झालं?"

"तुझा गाळ मी संडासात ओतला."

एवाल्डने मासा बादलीत सोडला आणि खुर्चीत बसला. मग म्हणाला, "अगं बाई, मेला असता ना तो."

"मला वाटलं, तुला द्यायचाच नाही."

एवाल्ड बादलीत बघत राहिला. "नव्हताच द्यायचा," तो म्हणाला. "वाट बघून कंटाळशील, असं वाटलं होतं. कंटाळली नाहीस, म्हणून आणला. घरात दुसरं आहे कोण माझ्याशी बोलायला?"

"बघ!" वाल्ट्राउड माझ्याकडे वळून ओरडली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "सांगत नव्हते मी तुला!"

पण बादलीतलं पाणी गार होत होतं. दोघांनी मिळून ती उचलली, एवाल्डच्या घरी परत न्यायला. जिन्यात वाल्ट्राउड खालच्या बाजूला, कारण एवाल्डच्या गुडघ्यावर तिचा भरवसा नव्हता. मी पुढे होऊन दारं उघडत होते.

"हळू. मुद्दाम सांडतोयस."

"तूच ओढतेयस, म्हातारे."

फाटकाशी ती थांबली. "तो गाळ… अजून आहे का?"

"फिल्टर भरलाय. बरणीभर देतो पिळून."

"तू नको," वाल्ट्राउड म्हणाली आणि बादलीची कडी घट्ट धरली. "मी माझ्या हाताने पिळणार. तू काय देशील, कुणास ठाऊक."